फक्कीने आखलेली सावली

एकदा एका तालमीच्या फुटबॉल संघाला सात माणसं मिळेनात. अकरा नव्हे, सात. सात जण मैदानात उतरले तरी सामना सुरू होतो. सहाच असले तर पंच घड्याळाकडे बघत पंधरा मिनिटं थांबतात आणि मग शिट्टी वाजवून घरी जातात.

तालीम म्हटली की कुस्ती, तिथं फुटबॉल कुठून आला, असं कोणी विचारील. दक्षिणेकडच्या त्या शहराची रीतच तशी आहे. प्रत्येक पेठेची एक तालीम, तालमीत लाल मातीचा आखाडा, कोनाड्यात मारुती. त्या मारुतीपुढे वाकायचं, चिमूटभर माती कपाळाला लावायची आणि फुटबॉल खेळायला जायचं. बाप ज्या तालमीचा, मुलगाही त्याच तालमीचा. यात कोणाला काही विचित्र वाटत नाही.

चिंचबन तालीम त्यातली धाकटी आणि दुबळी. संघ साठ वर्षांचा, पण कपाटात चषक तीनच आणि तिन्ही काळे पडलेले. त्या वर्षी तर अगदीच वाताहत झाली होती. हंगाम सरत आला होता, वैशाखाचं ऊन तापलं होतं, गुणांच्या तक्त्यात चिंचबन खालून पहिलं होतं. एक सामना तर माणसं न जमल्यामुळे सोडून द्यावा लागला होता. स्पर्धेचा नियम कडक होता : एका हंगामात दोनदा सामना सोडला की त्या तालमीचं नाव यादीतून कायमचं कमी. आणि शेवटचा सामना होता रविवारी, उत्तरवेस तालमीशी. उत्तरवेस म्हणजे तक्त्यात सगळ्यात वर, हंगामभर एकदाही न हरलेला संघ. पहिल्या फेरीत त्यांनी चिंचबनला आठ गोल घातले होते आणि नंतर कंटाळून थांबले होते.

चिंचबनचा कर्णधार इंद्रजित. वय अठ्ठावीस. जळालेल्या पंपांच्या मोटारी नव्या तारेने भरायच्या दुकानात काम करायचा, संध्याकाळी तालमीत. पायात वेग होता, डोक्यात त्याहून जास्त. दोन वर्षांपूर्वी उत्तरवेसवाल्यांनी त्याला आपल्याकडे बोलावून घेतलं होतं. पेठ सोडून तो गेला, वर्षभर त्यांची पिवळी जर्सी घालून बाकावर बसला. हंगाम संपला तेव्हा त्यांच्या व्यवस्थापकाने भर चौकात चार लोकांदेखत त्याला सांगितलं, "तुझी पेठच बरी तुला. इथं पळणारी माणसं लागतात." इंद्रजित परत आला. चिंचबनने त्याला एका शब्दाने न विचारता परत घेतलं, वर कर्णधार केलं. पण चौकातलं ते वाक्य काही त्याच्या कानातून गेलं नाही.

शेवटच्या सामन्याला पंधरा दिवस उरले तेव्हा त्याने एक गोष्ट केली. ट्रंकेतली ती पिवळी जर्सी काढली आणि तालमीत मारुतीच्या समोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगली. रोज सगळ्यांना म्हणायचा, "बघा. हिच्याकडं बघा आणि पेटून उठा. ह्या लोकांनी आपल्याला माणसात धरलेलं न्हाई."

पहिल्या दिवशी चौदा जण आले होते. तिसऱ्या दिवशी अकरा. आठवड्याने आठ. मग कोणाच्या बहिणीचं लग्न निघालं, कोणाचा गुडघा दुखू लागला, कोणी सरळ म्हणालं, "तक्त्यात खाली ते खालीच राहणार न्हवं आपण? मग उन्हात मरायचं कशाला?" इंद्रजित जितका तापायचा तितकी माणसं गार पडायची. त्याला कळेना की चुकतंय कुठं. रात्री त्याला जेवण जाईना. आपण कर्णधार असताना साठ वर्षांचा संघ पुसला जाणार, ही भीती त्याला सोडेना.

शेवटी तो वस्तादांकडे गेला.

वस्ताद पंच्याऐंशीचे. एके काळचे गोलरक्षक. चाळीस वर्षं चिंचबनच्या मैदानावर फक्की मारायचं, म्हणजे चुन्याच्या भुकटीने पांढऱ्या रेषा आखायचं काम त्यांच्याकडेच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण शस्त्रक्रियेचं नाव काढलं की उठून जायचे. माणसाचं तोंड त्यांना दिसत नसे, उजेड तेवढा कळायचा आणि अंधार. तरी त्यांची रेषा सुतासारखी सरळ यायची.

"वस्ताद, पोरंच येईनात. काय करू सांगा," इंद्रजित म्हणाला.

वस्ताद म्हणाले, "शुक्रवारी सगळ्यांना मैदानावर बोलव. साडेदहाला. बूट नकोत, चेंडू नको. अनवाणी या म्हणावं."

"भर उन्हात? आणि चेंडू नको?"

"मी बोलवलंय म्हणून सांग."

वस्तादांचं नाव घेऊनही आले सहाच. इंद्रजित धरून सहा. त्यांत गोलरक्षक दिलावर होता, पेठेतला शिंपी. बचावाला खेळणारा निवास होता, फाउंड्रीत रात्रपाळी करून तसाच आलेला, डोळे तांबारलेले. वस्तादांनी काही स्पष्टीकरण दिलं नाही. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या खेळण्याच्या जागी उभं केलं आणि म्हणाले, "हलायचं न्हाई. मी सांगेपर्यंत."

मग फक्कीचा डबा काखेत मारून ते एकेकापाशी गेले आणि जमिनीवर पडलेली त्याची सावली चुन्याने आखू लागले. डोकं, खांदे, हात, पाय. सहा जणांच्या सहा सावल्या आखून झाल्या. अर्ध्या तासाने पुन्हा आले. सावल्या तेवढ्यात आखडल्या होत्या. त्यांनी पहिल्या रेषेच्या आत दुसरी रेष मारली.

"वस्ताद, हे काय चाललंय?" निवास म्हणाला. "चक्कर यायला लागली मला."

"बस खाली. पण जागा सोडू नको."

"म्हातारं सटकलंय," दिलावर हळूच पुटपुटला. ते वस्तादांना ऐकू गेलं असावं, कारण ते हसले.

त्या शहरात वैशाखात एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर उभा राहतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्याच पायाखाली गोळा होते. शाळेतली पोरं त्या दिवशी पाइपाचे तुकडे उभे करून बघत बसतात. वस्तादांनी तोच दिवस धरला होता. ठाऊक असून धरला की कसं, ते कोणी सांगावं?

बारा वाजून गेले. वारा पडला. मैदानाकडेच्या करंजाचं पानसुद्धा हलेना. गोलच्या आडव्या खांबावर चार कावळे चोची उघड्या टाकून बसले होते आणि त्यांच्यातला एकही आवाज करत नव्हता. गोलच्या खांबांना सावली उरली नव्हती. दूर रस्त्यावरची रहदारीसुद्धा कुठं नाहीशी झाली कोण जाणे. इंद्रजितने बघितलं तर दिलावर गोलात उभा होता आणि त्याच्या आजूबाजूला नुसता उजेड. निवासचंही तसंच. सगळी माणसं कागदातून कापून मैदानावर ठेवल्यासारखी दिसत होती. इंद्रजितच्या अंगावर एवढ्या उन्हात काटा आला.

वस्ताद एकेकापाशी येत, खाली वाकून बघत, मान हलवून पुढे जात. आखायला काही नव्हतंच.

ते इंद्रजितपाशी आले आणि थांबले. मग डबा तिरपा करून फक्की सोडत चालायला लागले. चार पावलं. दहा पावलं. वीस. म्हातारा थांबेचना. मैदानाच्या उत्तर टोकाला, गोलच्या तोंडापर्यंत गेला, वळला आणि दुसऱ्या बाजूने आखत परत आला.

इंद्रजितने खाली बघितलं.

त्याची सावली पडली होती. लांबच लांब, दिवस मावळताना पडते तशी. त्याच्या पायापासून निघून ती सगळं मैदान ओलांडत उत्तर गोलात शिरली होती. त्या दिशेला, दोन मैलांवर, उत्तरवेस तालीम. इंद्रजितचे दोन्ही हात कमरेवर होते. सावलीचा एक हात वर उगारलेला होता.

त्याने हात कमरेवरून काढून पाठीमागे घेतले. सावलीचा हात खाली आला नाही.

तेवढ्यात दिलावर गोल सोडून पाण्याच्या कळशीकडे निघाला. वाटेत त्याचा अनवाणी पाय त्या आखलेल्या जागेत पडला आणि तो एकदम मागे उडाला. "आयला! इथं एवढं गार कसं?"

निवास उठून आला. त्यानेही पाय टाकून बघितला आणि लगेच काढून घेतला. "विहिरीत पाय घातल्यागत वाटतंय. खालनं पाइप गेलीय का?" दोघांनी वाकून हात लावला. माती कोरडी ठणठणीत, बाजूची तर तव्यासारखी तापलेली. त्यांना सावली दिसतच नव्हती. दिसत होती ती फक्कीची एक लांबलचक रेघ, आणि म्हातारा उगाच पांढरं करून आला म्हणून ते एकमेकांकडे बघत होते.

पाचेक मिनिटांत दिवस किंचित कलला. कावळे ओरडले. सगळ्यांच्या पायांतून बोटभर सावल्या पुन्हा बाहेर आल्या. इंद्रजितने खाली बघितलं. त्याचीही बोटभरच होती. पण मैदानावर चुन्याची ती आकृती हात उगारून तशीच पडलेली होती.

पोरं घरी गेली. इंद्रजित करंजाखाली वस्तादांच्या पायाशी बसला.

"वस्ताद, ते काय होतं?"

"मला विचारतोस? मी अंधार दिसला तिथं फक्की मारली. अंधार कुणाचा, ते तुझं तुला ठाऊक."

इंद्रजितने मान खाली घातली. वस्ताद चुन्याने पांढरे झालेले हात झाडत बोलू लागले, आणि त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

"मला तोंडं दिसत न्हाईत पोरा. मी तुम्हाला सावल्यांवरनं ओळखतो. हंगाम सुरू झाला की प्रत्येकाची सावली लांब असते, चषकापर्यंत पोचलेली. मग एकेक सामना जातो, चषक लांब जातो, सावल्या आखडत आखडत पायाखाली येतात. तुला वाटलं पोरं विझली. ती विझलेली न्हाईत. त्यांच्यापुढं आता मिळवायचं काही उरलेलं न्हाई, एवढंच. अशा वेळी माणूस का खेळतो, ते त्याचं त्यालाच ठाऊक असतं, आणि तेवढंच खरं असतं. ते तू एकालाही विचारलं न्हाईस. तू त्यांना तुझा अपमान दिलास आणि म्हणालास, ह्याच्यासाठी पळा. दुसऱ्याच्या सावलीत कोण किती वेळ उभा राहील? तिथं गार लागतं. आज पाय टाकून बघितला की त्यांनी."

"मग मी काय करू? चूल पेटवायला काडी तर लागते."

"काडी त्यांच्याकडं हाय. तू तुझी विझव."

इंद्रजितच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांत चौकातल्या त्या वाक्यावर तो रागावला होता, रडला मात्र नव्हता. त्या दुपारी रडला. वस्तादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, फक्कीचा पांढरा पंजा केसांवर उमटला.

शनिवारी तो घरोघर गेला. या वेळी समजूत घालायला नाही. त्याचा प्रश्न एकच होता, आणि तो विचारताना त्याची जीभ अडखळत होती : "तू का खेळतोस रे?"

दिलावर मशीनवर बसला होता. त्याने पाय थांबवला. "असं कुणी विचारतं का? दिवसभर माझं नाक कापडात. गोलात उभा राहिलो की लांबचं बघायला मिळतं. बास, एवढंच."

निवास झोपेतून उठून दारात आला. "भट्टीपुढं बोलता येत न्हाई गड्या, आवाजच एवढा. मैदानात मी ओरडतो. तू ऐकलं असशील की. माझी मुलगी म्हणते, पप्पा फक्त रविवारी बोलतात." आणि स्वतःच खो खो हसला.

तिसऱ्याचा बाप याच संघातून खेळला होता आणि गेल्या दिवाळीत गेला होता. त्याचेच बूट हा घालायचा. एकाला कारण सांगताच येईना, तो नुसता म्हणाला, "न खेळता घरी बसलो की मी बायकोवर चिडतो." एकाने दारच उघडलं नाही. इंद्रजितने कोणालाही 'उद्या ये' म्हटलं नाही. ऐकून घेतलं आणि पुढच्या घरी गेला. ज्यांच्याबरोबर आपण इतके सामने खेळलो त्यांच्याविषयी आपल्याला काहीच माहीत नव्हतं, याची त्याला मनापासून लाज वाटली.

संध्याकाळी तालमीत जाऊन त्याने खिळ्यावरची पिवळी जर्सी काढली आणि वस्तादांच्या हातात दिली. वस्तादांनी बोटांनी कापड चाचपलं. "जाळीचं हाय. फक्की चाळायला बरं पडेल," एवढंच म्हणाले.

रविवारी साडेचारला मैदानावर इंद्रजित एकटा होता. पावणेपाचला दिलावर आला. मग निवास, खांद्यावर मुलीला घेऊन. पाच वाजता पंच घड्याळ बघू लागले तेव्हा सहा जण होते. समोर उत्तरवेसचे अठरा जण पिवळ्या जर्सीत सराव करत होते, त्यांचे पाठीराखे ढोल बडवत होते. इंद्रजित मात्र रस्त्याकडे बघत बसला नाही. बुटांची नाडी बांधत राहिला. पाच वाजून सात मिनिटांनी वडिलांचे बूट घातलेला तो आला. सात झाले. त्याच्यामागून बायकोवर चिडणारा आणि आणखी एक. एकूण नऊ.

"नऊच?" पंच म्हणाले.

"नऊ," इंद्रजित म्हणाला.

सामन्याचं वर्णन मी करत बसणार नाही, ते वर्तमानपत्रात चार ओळींत आलंच. नऊ जण खेळले. निवास घसा बसेपर्यंत ओरडला. दिलावरने कसे कसे चेंडू अडवले ते त्याला स्वतःला सांगता आलं नाही. उत्तरवेसला पहिला गोल करायला एकाहत्तर मिनिटं लागली, तेव्हा त्यांच्या ढोलवाल्यांचे हात दुखायला लागले होते.

शेवटची चार मिनिटं उरली असताना चेंडू इंद्रजितच्या पायात आला. पुढे मोकळं मैदान, उत्तरेकडचा गोल, आणि गोलच्या बाजूला तो व्यवस्थापक, हाताची घडी घालून उभा. दोन वर्षं ज्या क्षणाची त्याने वाट बघितली तो नेमका समोर उभा होता. तो धावला. गोलरक्षक अंगावर आला. उजवीकडून एक घोगरा आवाज आला, "इंद्या, हिकडं!" निवास बचाव सोडून पुढे आला होता, एकटा, मोकळा. इंद्रजितने चेंडू त्याला दिला.

निवासने मारला तो खांबाला लागून बाहेर गेला. खांबाचा तो टणत्कार सगळ्या मैदानाने ऐकला. निवासने दोन्ही हातांनी डोकं धरलं. इंद्रजित त्याच्याकडे धावत गेला आणि त्याला मिठी मारून मोठ्याने हसू लागला. त्या हसण्यात व्यवस्थापकाकडे बघायचंच राहून गेलं.

एक–शून्यने हरले. तक्त्यात खालून पहिले ते खालून पहिलेच राहिले. यादीत नाव मात्र राहिलं.

शिट्टी झाल्यावर नऊ जण मैदानाच्या मधोमध एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. दिवस कलला होता, सावल्या लांब पडल्या होत्या. इंद्रजितला शुक्रवारची दुपार आठवली. बघू नये असं वाटत असताना त्याने खाली बघितलं. जमिनीवर एकच मोठी काळी सावली पडलेली होती, नऊ डोक्यांची. त्यातली आपली कोणती, ते त्याला शोधून सापडेना.

त्याने बाजूच्या रेषेकडे पाहिलं. वस्ताद तिथं उभे होते, पिकल्या डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून, त्या सावलीकडे बघत. इंद्रजितला वाटलं की त्यांनी आपल्याला हात केला. पण त्यांनी कोणा एकाला हात केला नव्हता.

चिंचबनच्या मैदानावर शुक्रवारी आखलेल्या साऱ्या रेषा पुढे पावसापर्यंत दिसत होत्या. लांब सावलीची तेवढी रेष सोमवारी सकाळीच नव्हती. वारा सुटला नव्हता, कोणी झाडूही मारला नव्हता. वस्तादांना विचारलं तर ते म्हणाले, "मला काय दिसतंय?" आणि पुढच्या हंगामाची फक्की चाळायला बसले.

आपल्या माणसांना कामाला लावण्याआधी एकदा भर दुपारी त्यांच्यात उभं राहून खाली आपली सावली बघावी, इतकंच.